तिथं बायकांची सोय नाही

नोव्हेंबर १९६९. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात अमेरिकन नौदलाचं एक मालवाहू विमान उतरलं. विमानाचं मागचं अवजड दार खाली आलं आणि त्याच्या उतरणीवर सहा बायका एका ओळीत उभ्या राहिल्या. त्यांनी एकमेकींच्या हातात हात अडकवले आणि सहाही जणींनी एकाच वेळी बर्फावर पाऊल टाकलं. ध्रुवावर पोचलेली पहिली बाई कोण, हा प्रश्नच उरू नये म्हणून. त्यांत लोइस जोन्स ही भू-रसायनशास्त्रज्ञ होती, तिच्या तुकडीतल्या आयलीन मॅकसेव्हनी, के लिंडसे आणि टेरी टिकहिल होत्या, न्यूझीलंडची पामेला यंग होती आणि जीन पिअर्सन ही पत्रकार होती. आमुंडसेन हा पहिला माणूस इथं पोचला त्याला तेव्हा ५८ वर्षं होत होती.

इतकी वर्षं का लागली, याचं उत्तर शोधताना माझी समजूत होती की थंडी, अंगमेहनत, धोका असली कारणं पुढे येतील. तीही आहेत. पण पुन्हा पुन्हा समोर आलं ते एक फार ओळखीचं वाक्य: तिथं बायकांची सोय नाही. मुक्कामाची सहल असो, रात्रपाळीची नोकरी असो, उत्खननाची छावणी असो, माझ्या पिढीतल्या बहुतेक बायकांनी हे वाक्य कुठे ना कुठे ऐकलं आहे. ते बोलणारा माणूस सहसा सज्जन असतो, काळजीनं बोलतो. त्याला नाही म्हणायचं नसतं, फक्त संडास नसतो. अंटार्क्टिकात अमेरिकेची विमानं, जहाजं आणि तळ नौदल चालवत असे, आणि वैज्ञानिक बाईला तिकडे न्यायला नौदलाचा नकार होता. कारणांमध्ये शौचालयांचा मुद्दा ठळक होता. शेवटी वाट निघाली ती अशी, की संपूर्ण तुकडीच बायकांची असेल तर बघू. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या लोइस जोन्सनं तशी चौघींची तुकडी उभी केली.

त्यांचं काम होतं मॅकमर्डो या अमेरिकन तळाजवळच्या ड्राय व्हॅलीज नावाच्या भागात. बर्फाच्या खंडातला हा उघडाबोडका, खडकाळ मुलूख. तिथे हिमवर्षाव नगण्य, वारा मात्र प्रचंड. दऱ्यांच्या तळाशी खारट पाण्याची तळी आणि त्यांवर बर्फाचं कायमचं झाकण. त्या पाण्यातले क्षार कुठून आले, खडक कसे झिजतात, हे शोधायला दगड आणि पाण्याचे नमुने गोळा करायचे आणि पाठीवर वाहून आणायचे. ध्रुवावरची भेट म्हणजे त्या मोसमातला एका दिवसाचा फेरफटका होता. छायाचित्रं त्या दिवसाची निघाली. खरी मोहीम तंबूत चालली होती, आणि ती चौघींनी नीट पार पाडली म्हणून पुढच्या बायकांसाठी दार किलकिलं राहिलं. एखाद्या पुरुषांच्या तुकडीचं काम बिघडलं तर ती तुकडी बिघडली, इतकंच म्हटलं जातं. या चौघींच्या डोक्यावर साऱ्या बायकांचा हिशेब होता.

आता जरा मागे जाऊ. १९५६ मध्ये, म्हणजे या चौघींच्या तेरा वर्षं आधी, सोव्हिएत मोहिमेबरोबर मारिया क्लेनोव्हा अंटार्क्टिकाला पोचल्या होत्या. त्या समुद्रतळाच्या भूविज्ञानातल्या जाणकार, साठीला टेकलेल्या. बॅरेंट्स समुद्रावर त्यांनी तरुणपणापासून काम केलं होतं. अंटार्क्टिकाच्या पहिल्या सोव्हिएत नकाशासंग्रहात त्यांच्या निरीक्षणांचा वाटा आहे. समुद्र तोच, थंडी तीच, देहधर्म तेच. त्या जहाजावर एका ज्येष्ठ शास्त्रज्ञ बाईची सोय झाली, कारण ती तिथे हवी होती.

आणि अर्जेंटिनानं तर कमाल केली. १९६८ मध्ये त्या देशाच्या चार शास्त्रज्ञ बायका अंटार्क्टिकात काम करून आल्या होत्याच. पण मी सांगते आहे ती गोष्ट दहा वर्षांनंतरची. अंटार्क्टिकाच्या एका तुकड्यावर अर्जेंटिनाचा दावा होता, त्याच तुकड्यावर चिली आणि ब्रिटन यांचाही. १९५९ च्या अंटार्क्टिक करारानं हे सगळे दावे जसेच्या तसे गोठवून ठेवले. मग लष्करी सरकारच्या डोक्यात आलं की तिथे आपली माणसं नुसती राहून भागणार नाही, जन्मली पाहिजेत. एस्पेरांझा तळावरच्या अधिकाऱ्याची पत्नी सिल्व्हिया दे पाल्मा हिला सातव्या महिन्यात विमानानं तिथे नेलं आणि ७ जानेवारी १९७८ रोजी एमिलिओ पाल्मा या बाळाचा जन्म झाला. त्या खंडावर जन्मलेलं हे पहिलं मूल. जिथं संडासाची सोय होत नव्हती म्हणतात, त्याच खंडावर बाळंतपणाची सोय झाली. सिल्व्हियाला त्या दोन-तीन महिन्यांत काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. देशाचा दावा तिच्या पोटात वाढत होता.

अंटार्क्टिकात गेलेल्या सुरुवातीच्या बऱ्याच जणी बायको म्हणून गेल्या. १९३५ मध्ये किनाऱ्याजवळ उतरलेली कॅरोलाइन मिकेलसन ही व्हेल-शिकारीशी संबंधित नॉर्वेजियन जहाजाच्या कप्तानाची पत्नी. तिच्यानंतर दोन वर्षांनी प्रत्यक्ष खंडाच्या भूमीवर पाय ठेवणारी इंग्रिड क्रिस्टेनसेन ही जहाजांच्या मालकाची पत्नी. बायकोसाठी वेगळी सोय लागत नाही, ती नवऱ्याच्या खोलीत मावते. १९४७-४८ मध्ये फिन रॉन याच्या मोहिमेत एडिथ रॉन, म्हणजे जॅकी, आणि वैमानिकाची नवपरिणीत पत्नी जेनी डार्लिंग्टन या दोघींनी स्टोनिंग्टन बेटावर हिवाळा काढला. अंटार्क्टिकात हिवाळी मुक्काम केलेल्या या पहिल्या दोघी. तिथे पुरुष एकवीस. काहींचा त्यांच्या येण्याला विरोध होता. जॅकीनं वर्तमानपत्रांसाठी बातमीपत्रं लिहिली, मोहिमेच्या नोंदी ठेवल्या, भरती-ओहोटीची आणि भूकंपमापकाची निरीक्षणं घेतली. मध्येच दोघींच्या नवऱ्यांचं बिनसलं आणि मैलोन्‌मैल बर्फात असलेल्या या दोनच बायकांमधलं बोलणंही त्या भांडणापायी जवळजवळ थांबलं. ध्रुवीय प्रवासवर्णनांत वादळं भरपूर असतात, पण हिवाळ्याच्या अंधारात आपल्याशी बोलू शकणारी एकमेव बाई बोलेनाशी होणं, या एकटेपणाला तिथे दोन ओळीही मिळत नाहीत.

हे झालं दक्षिणेचं. उत्तरेकडे, आर्क्टिकमध्ये, चित्र मुळातच वेगळं होतं. तिथे हजारो वर्षं माणसं राहत होती, अर्थात बायकाही. बर्फात जगणं म्हणजे आधी कपडे, आणि कपडे म्हणजे बायकांची सुई. कॅरिबू हरणाचा केस आतून पोकळ असतो, त्यात हवा अडकते, म्हणून त्याचं कातडं इतकं उबदार. पण कातडं कमावून, चावून मऊ करून, मापात बेतून शिवायचं कसब बायकांच्या हाती. बुटाचा टाका असा घालायचा की सुई कातड्याच्या आरपार जाताच कामा नये. दोरा जनावराच्या स्नायूच्या तंतूचा. तो भिजला की फुगतो आणि सुईचं भोक आपोआप बुजवतो. एक टाका सैल पडला तर पाय ओला, आणि ओला पाय म्हणजे हिमदंश. पिअरीच्या १९०८-०९ च्या उत्तर ध्रुव मोहिमेत जहाजावर इन्युइट कुटुंबं होती आणि स्लेजवर निघालेल्या पुरुषांचे फरचे कपडे त्यांतल्या बायकांनी शिवले होते. ज्या बायकांसाठी सोय नव्हती म्हणतात, पुरुषांची सोय त्यांच्याच बोटांनी केली होती. पुतळे झाले ते ते कपडे घालणाऱ्यांचे.

एडा ब्लॅकजॅकची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. अलास्कातली इनुपियात स्त्री, १८९८ चा जन्म. ती नोमच्या मिशनमध्ये वाढली. तिथे इंग्रजी शिकली, शिवण शिकली, पण शिकार, सापळे, बर्फावरचं जगणं शिकायचं राहून गेलं. तीन मुलांपैकी एकच जगलं. नवरा सोडून गेला. उरलेल्या बेनेटला क्षय, आणि उपचाराला पैसे नाहीत, म्हणून त्याला अनाथालयात ठेवावं लागलेलं. अशा वेळी १९२१ मध्ये व्हिलयाल्मर स्टेफान्सन यानं आखलेल्या मोहिमेला सायबेरियाच्या उत्तरेच्या रँगेल बेटावर चार गोऱ्या तरुणांसाठी कपडे शिवायला कुणीतरी हवं होतं. महिना पन्नास डॉलर. सोबत इतर स्थानिक कुटुंबंही येणार असं ठरलं होतं. ऐन वेळी कुणीच आलं नाही. एडा तेवीस वर्षांची होती, चार अनोळखी पुरुषांबरोबर एकटी. तरी ती गेली.

वर्षानं येणारं मदतीचं जहाज बर्फात अडकून परत फिरलं. जानेवारी १९२३ मध्ये तिघं जण मदत आणायला गोठलेल्या समुद्रावरून निघाले आणि पुन्हा कधीच दिसले नाहीत. मागे उरली एडा, स्कर्व्हीनं अंथरुणाला खिळलेला लॉर्न नाइट आणि व्हिक नावाची मांजर. नाइटची सुश्रूषा, लाकूडफाटा, अन्न हे सगळं एडावर आलं. ती सापळे लावून कोल्हे पकडायला शिकली, बंदूक चालवायला शिकली, पांढऱ्या अस्वलांची तिला विलक्षण भीती वाटत असतानाही. जूनमध्ये नाइट गेला. त्यानंतर जवळजवळ दोन महिने त्या बेटावर ती आणि मांजर, बाकी कुणी नाही. तिनं कातड्याची होडी बांधली, पक्षी मारले, डायरी लिहिली, स्वतःसाठी कपडे शिवले. ऑगस्टमध्ये सुटकेचं जहाज आलं तेव्हा पाच माणसांपैकी एकटी तीच जिवंत होती. वर्तमानपत्रांत तिची गोष्ट गाजली, दुसऱ्यांनी त्यावर पैसे मिळवले. कबूल केलेला पगार तिला पुरता मिळाला नाही. मिळालेल्या पैशांतून तिनं आधी बेनेटला अनाथालयातून काढून सिअ‍ॅटलला उपचारासाठी नेलं. १९८३ पर्यंत ती जगली. ध्रुवीय मोहिमांच्या यादीत ‘शिवणकाम करणारी बाई’ म्हणून जिची नोंद झाली, तिच्याइतकं पूर्ण ध्रुवीय जीवन मी दुसऱ्या कुणाच्या चरित्रात वाचलेलं नाही.

ब्रिटनमध्ये दार उघडायला आणखी उशीर झाला. जॅनेट थॉमसन या भूवैज्ञानिक १९६४ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक संस्थेत रुजू झाल्या, आणि प्रत्यक्ष खंडावर त्यांना जाता आलं ते १९८३-८४ मध्ये. अंटार्क्टिकाच्या खडकांवर काम करणारी बाई वीस वर्षं अंटार्क्टिकाबाहेर. जर्मनीनं १९९० मध्ये वेगळाच मार्ग काढला. स्त्री-पुरुष एकत्र ठेवायला धजावत नव्हते, म्हणून बर्फाखाली गाडलेल्या पोलादी नळ्यांतल्या गेऑर्ग फॉन नॉयमायर तळावर हिवाळ्यासाठी नऊच्या नऊ बायका पाठवल्या. प्रमुख होत्या डॉक्टर मोनिका पुस्केपेलाइट. हवामान, भूभौतिकी, इंजिन, बिनतारी संदेश, स्वयंपाक, सगळं त्यांच्याच हाती. मला यात लोइस जोन्सची तुकडी पुन्हा दिसते. एकवीस वर्षांनंतरही हिशेब तोच होता. बायका मिसळायच्या नाहीत, मग वेगळ्या तरी पाठवू. पण जनित्र बंद पडल्यावर हाक मारायला पुरुष नाही, हे एकदा ठरलं की जनित्र बाई दुरुस्त करते आणि त्यावर कुणी चर्चा करत नाही. त्या नऊ जणींनी चौदा महिन्यांची मोहीम पुरी केली.

हिवाळी मुक्काम म्हणजे नेमकं काय, हे जेरी नील्सन यांच्या अनुभवातून जितकं कळतं तितकं आकड्यांतून कळत नाही. १९९९ मध्ये त्या दक्षिण ध्रुवावरच्या तळाच्या एकमेव डॉक्टर होत्या. तेव्हा फेब्रुवारीत शेवटचं विमान गेलं की ऑक्टोबरपर्यंत तिथे विमान उतरू शकत नसे. इतक्या थंडीत इंधन आणि तेल घट्ट होऊ लागतात. अशा वेळी त्यांना स्वतःच्या स्तनात गाठ लागली. डॉक्टर त्या, रुग्णही त्याच. उपग्रहाद्वारे अमेरिकेतल्या तज्ज्ञांशी बोलत त्यांनी तळावरच्या सहकाऱ्यांना शिकवलं. त्यांतला एक वेल्डर होता. त्यानं आधी सुई टोचण्याचा सराव केला आणि मग गाठीतल्या पेशी काढायला मदत केली. जुलैच्या अंधारात हवाई दलाच्या विमानानं औषधं वरून टाकली. तळावरच्यांनी बर्फात जाळ पेटवून जागा दाखवली होती. ऑक्टोबरमध्ये, अजून विमानाला धोका असतानाच, त्यांना बाहेर काढलं. शल्यगृह नव्हतं, शल्यचिकित्सक नव्हता. तरी सोय झाली, कारण तिथल्या प्रत्येकाला ती करायचीच होती.

आता आजच्या गोष्टी, आणि त्या सांगताना संकोच नको. ड्राय व्हॅलीजसारख्या जपलेल्या प्रदेशात मूत्रसुद्धा जमिनीवर सांडायचं नसतं. बाटलीत भरून परत न्यायचं असतं. पुरुषाला ते जमतं. अंगावर कपड्यांचे चार थर, वर खांद्यापासूनची विजार, आसपास झाड नाही, आडोसा नाही, अशा वेळी बाई काय करते? पाणी कमी पिते. हा उपाय शाळेपासून आपल्याकडच्या मुलींनाही पाठ आहे. पण ध्रुवीय हवा अत्यंत कोरडी, शरीर तिथे पाणी झपाट्यानं गमावतं, आणि पाणी कमी पडलं की थंडी जास्त बाधते, मूत्रमार्गाचे आजार होतात. ऑस्ट्रेलियाच्या अंटार्क्टिक मोहिमांविषयी मेरेडिथ नॅश यांचा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा बायकांनी पाळी लपवून कशी काढली हेही कागदावर आलं. त्याच वर्षी अमेरिकन मोहिमांवरच्या अहवालात ५९ टक्के बायकांनी छळाचा किंवा अत्याचाराचा अनुभव सांगितला.

या दोन गोष्टी, पाणी आणि छळ, वेगळ्या नाहीत. जेन विलेनब्रिंग ही तरुण भूविज्ञानाची विद्यार्थिनी १९९९-२००० च्या मोसमात ड्राय व्हॅलीजमध्ये गेली. ज्या मुलखात लोइस जोन्सची तुकडी राबली होती, त्याच मुलखात, तीस वर्षांनी. लहानशी छावणी, चार माणसं, प्रमुख तिचा प्राध्यापक. तिच्या तक्रारीनुसार, ती लघवीला बसली की तो तिच्यावर दगड फेकत असे. म्हणून तिनं दिवसा पाणी पिणंच सोडलं आणि आजार ओढवून घेतला. त्या छावणीतून निघून जायला रस्ता नसतो, पोलीस नसतात, आणि करिअरचं शिफारसपत्र लिहिणारा तोच. तिनं तक्रार केली २०१६ मध्ये, स्वतः कायमची प्राध्यापक झाल्यावर. विद्यापीठाच्या चौकशीत लैंगिक छळ झाल्याचं ठरलं, त्यानं आरोप नाकारले, २०१९ मध्ये त्याची नोकरी गेली. त्याच्या नावाच्या हिमनदीचं नाव त्याआधीच बदललं होतं. ‘सोय नाही’ म्हणणारे कधी बांधकामाबद्दल बोलत असतात, तर कधी, नकळत, सोबतच्या माणसांबद्दल.

भारताच्या अंटार्क्टिक मोहिमा सुरू झाल्या गोव्यातून. १९८१ च्या डिसेंबरात पहिलं जहाज गोव्याहून निघालं. दोन वर्षांनी, तिसऱ्या मोहिमेत, दोन बायका होत्या. भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या जादवपूर विद्यापीठाच्या, तेनसिंग नोर्गे यांच्या हाताखाली गिर्यारोहण शिकलेल्या. दुसऱ्या अदिती पंत, गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या. जन्म नागपूरचा, घराणं औंधच्या पंतप्रतिनिधींचं, शिक्षण पुण्याचं. ॲलिस्टर हार्डी यांचं समुद्रावरचं एक पुस्तक हाती पडलं आणि त्या तिकडे वळल्या. मग हवाई, मग लंडन, आणि विषय समुद्रातलं अतिसूक्ष्म शेवाळ. दक्षिण महासागरातली सगळी अन्नसाखळी, क्रिलपासून व्हेलपर्यंत, या शेवाळावर उभी आहे. वर्षातले काही महिनेच ऊन मिळणाऱ्या पाण्यात ते वाढतं कसं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. या मोहिमेत भारताचा पहिला तळ, दक्षिण गंगोत्री, उभा राहिला. आधी बायका नकोत, मग बायकांची वेगळी तुकडी, असं वळण आपल्याकडे घ्यावं लागलं नाही, हे मला मनापासून आवडतं. पुढे हिवाळी मुक्काम करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या डॉ. कंवल विल्कू.

आणि मग मंगला मणी. इस्रोच्या शास्त्रज्ञ, वय छप्पन्न, त्याआधी बर्फ पडताना कधी पाहिलेला नव्हता. औली आणि बद्रीनाथला पाठीवर ओझं घेऊन चढण्याचं प्रशिक्षण झालं आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये त्या अंटार्क्टिकातल्या भारती या भारतीय तळावर पोचल्या. तेवीस जणांत त्या एकट्या बाई. ४०३ दिवस तिथे राहिल्या. ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह दिवसाला सुमारे चौदा प्रदक्षिणा घालतात आणि दर प्रदक्षिणेत ध्रुवाजवळून जातात. म्हणून भारतात दिवसातून मोजक्या वेळा दिसणारा उपग्रह भारतीला कितीतरी अधिक वेळा दिसतो. तो डोक्यावर असतो ती काही मिनिटं अँटेना त्याच्याकडे रोखलेला हवा. मग बाहेर वादळ असो, दोन महिन्यांची रात्र असो, की बाकीचे बावीस जण झोपलेले असोत. साधारण पावणेदोन तासांनी तो पुन्हा येई, आणि त्यानं पाठवलेली छायाचित्रं उतरवून घेऊन त्या हैदराबादकडे धाडत.